वेब फ्रेमवर्कच्या सेटिंग फाइल यॅमलमध्ये असाव्यात की जेसनमध्ये? 'डीफॉल्ट' फॉरमॅटची निवड इतकी अवघड का असते

पुण्याचा एसटीडी कोड ०२०, मुंबईचा ०२२ आणि नागपूरचा ०७१२. एखाद्या वेबसाइटच्या सेटिंग फाइलमध्ये हे तीन आकडे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले आणि ती फाइल 'यॅमल' नावाच्या फॉरमॅटमध्ये असली, तर पायथॉनमधली सर्वाधिक वापरली जाणारी यॅमल लायब्ररी ते १६, १८ आणि ४५८ असे वाचते. पणजीचा ०८३२ मात्र जसाच्या तसा राहतो.

हा बग नाही, नियम आहे. शून्याने सुरू होणारा आणि पुढे फक्त ० ते ७ हेच अंक असलेला आकडा अष्टमान पद्धतीतला समजायचा, असं यॅमलच्या २००५ सालच्या १.१ आवृत्तीत ठरलेलं आहे. त्या हिशेबाने ०२० म्हणजे दोन वेळा आठ, म्हणजे सोळा. पणजीच्या कोडमध्ये ८ आहे. अष्टमान पद्धतीत हा अंकच नसतो, म्हणून गोवा वाचला.

यात त्रासाची गोष्ट अशी की कुठेही एरर येत नाही. फाइल उघडते, वेबसाइट सुरू होते, पानं दिसतात. फक्त पुण्याच्या ग्राहकांचे फोन नंबर चुकीचे छापले जातात आणि कारण शोधायला दिवस जातो. सेटिंग लिहिण्यासाठी कोणता फॉरमॅट वापरायचा, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावर वेब फ्रेमवर्क बनवणारे वीस वर्षं वाद घालत आहेत, त्याचं कारण अशा गोष्टींमध्ये आहे.

कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे नेमकं काय?

वेबसाइट बनवताना प्रत्येक गोष्ट शून्यापासून लिहावी लागत नाही. लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, पानांचे पत्ते ठरवणं ही नेहमीची कामं तयार करून देणाऱ्या सांगाड्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. जँगो, रेल्स, लाराव्हेल, सिम्फनी, स्प्रिंग बूट ही त्यातली प्रसिद्ध नावं.

सांगाडा सगळ्यांसाठी सारखाच असला तरी प्रत्येकाची साइट वेगळी असते. डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे, ईमेल कुठून पाठवायचे, एरर आली तर ती पानावर दाखवायची की फक्त नोंदवून ठेवायची, साइटची मूळ भाषा कोणती, हे सगळं फ्रेमवर्कला सांगावं लागतं. ज्या फाइलमध्ये हे लिहितात ती कॉन्फिगरेशन फाइल. ती लिहायच्या पद्धती अनेक आहेत: एक्सएमएल, यॅमल, जेसन, टॉमल, साध्या 'नाव बरोबर किंमत' अशा ओळी, किंवा थेट प्रोग्रामिंगच्या भाषेतला कोड.

बहुतेक फ्रेमवर्क यातले एकाहून जास्त फॉरमॅट चालवून घेतात. मग भांडण कशाचं? भांडण 'डीफॉल्ट'चं आहे. नवा प्रोजेक्ट सुरू करताना एक कमांड दिली की फ्रेमवर्क स्वतःच काही फाइल तयार करून देतं. त्या ज्या फॉरमॅटमध्ये येतात तो डीफॉल्ट. तो बदलायची मुभा असली तरी बदलणारे फार थोडे. यूट्यूबवरचे धडे, क्लासच्या नोट्स, अडचणींची इंटरनेटवरची उत्तरं, नोकरीच्या ठिकाणचा जुना कोड, सगळं त्याच फॉरमॅटमध्ये जमा होत जातं. पाच वर्षांनी फ्रेमवर्कच्या लोकांना आपली निवड चुकली असं वाटलं, तरी तोवर जगभरातल्या असंख्य प्रोजेक्टमध्ये ती पक्की बसलेली असते.

एक्सएमएलचा काळ

२००० सालच्या आसपास या प्रश्नाला एकच प्रतिष्ठित उत्तर होतं, ते म्हणजे एक्सएमएल. जावाच्या जगात स्ट्रट्स आणि त्यानंतर २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेलं स्प्रिंग, दोन्ही एक्सएमएलवर चालत. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटची 'वेब डॉट कॉन्फिग' ही फाइलही एक्सएमएलच.

एक्सएमएलची आज टिंगल होते, पण त्याचा एक मोठा गुण नंतरच्या फॉरमॅटना बराच काळ साधला नाही. कोणत्या टॅगमध्ये काय चालतं, कोणती गोष्ट सक्तीची, कुठे फक्त आकडाच हवा, याची नियमावली स्वतंत्र फाइलमध्ये लिहिता येते. एडिटर ती वाचतो आणि टाइप करतानाच चूक लाल रंगात दाखवतो. स्पेलिंग चुकलं तर वेबसाइट सुरू होण्याआधीच कळतं.

दोष मात्र डोळ्यांना दिसणारा होता. प्रत्येक गोष्टीला उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग, आणि मधे एखादा शब्द. चार ओळींचं काम चाळीस ओळींत. मोठ्या जावा प्रोजेक्टमध्ये एक्सएमएल फाइल हजारो ओळींच्या व्हायच्या आणि त्या सांभाळणं हेच एक काम होऊन बसायचं. स्प्रिंगने हे ओळखलं. २००७ च्या २.५ आवृत्तीत बरीचशी सेटिंग थेट जावा कोडवर खुणा करून देता येऊ लागली, २००९ च्या ३.० आवृत्तीत पूर्ण मांडणी जावामध्येच लिहायची सोय झाली आणि २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटमध्ये नवा प्रोजेक्ट एक्सएमएलच्या एकाही ओळीशिवाय उभा राहू लागला. तिथे डीफॉल्ट झाली ती 'ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज' ही जुनी, साधी, ओळीओळींची फाइल. यॅमलही चालतं. दोन्ही फाइल एकाच ठिकाणी ठेवल्या आणि त्यांत वेगवेगळ्या किमती असल्या, तर प्रॉपर्टीजचं ऐकलं जातं. हे ठाऊक नसलेल्या माणसाला यॅमल फाइलमध्ये कितीही बदल केले तरी साइटवर काहीच का बदलत नाही, हे कोडं पडतं.

रेल्स आणि यॅमलची चलती

२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रुबी ऑन रेल्स जगासमोर आणलं. त्यांचा मुद्दा मुळावरच घाव घालणारा होता: इतक्या सेटिंग लागतातच कशाला? टेबलाचं नाव, फाइलची जागा, पानाचा पत्ता, या सगळ्यांचे काही संकेत ठरवून टाकले आणि ते पाळले तर लिहिण्यासारखं फार थोडं उरतं. जे उरलं, उदाहरणार्थ डेटाबेसचा पत्ता, ते यॅमलमध्ये.

एक्सएमएल बघून दमलेल्या डोळ्यांना यॅमल म्हणजे मोकळं मैदान वाटलं. कंस नाहीत, टॅग नाहीत. नाव लिहायचं, अपूर्णविराम द्यायचा, किंमत लिहायची. एखादी गोष्ट दुसरीच्या पोटात आहे हे दाखवायला ओळ थोडी आत सरकवायची. शाळेच्या वहीत मुद्दे आणि उपमुद्दे लिहितात तसंच. कॉमेंटही लिहिता येतात. बघता बघता यॅमल सगळीकडे पसरलं. ड्रुपल ८ चं काम सुरू झालं तेव्हा सेटिंग एक्सएमएलमध्ये होती, तीही पुढे यॅमलमध्ये नेली गेली.

पण यॅमल वाचायला जितकं सोपं, तितकं त्याचं नियमपुस्तक जाड आहे. अवतरणचिन्हं नसली तर समोरची गोष्ट आकडा आहे, तारीख आहे, हो-नाही आहे की साधा शब्द, हे यॅमल स्वतः अंदाजाने ठरवतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण नॉर्वेचं. या देशाचा दोन अक्षरी कोड इंग्रजी 'नो' या शब्दासारखाच लिहितात. यॅमल १.१ मध्ये तो शब्द म्हणजे 'नाही'. देशांच्या यादीत भारत, नेपाळ, नॉर्वे असे कोड लिहिले की भारत आणि नेपाळ शब्द म्हणून येतात आणि नॉर्वेच्या जागी 'असत्य' येतं. भाषांच्या यादीत नॉर्वेजियन भाषेचंही तेच होतं. 'ऑन' आणि 'ऑफ' या शब्दांचीही हीच गत.

दुसरं उदाहरण आवृत्तीच्या आकड्याचं. पायथॉनची ३.१० आवृत्ती हवी म्हणून तसं लिहिलं की यॅमल तो दशांश आकडा समजतं आणि शेवटचं शून्य निरर्थक म्हणून टाकून देतं. उरतं ३.१, म्हणजे २००९ सालची प्राचीन आवृत्ती. ३.१० आली तेव्हा अनेकांनी हा अनुभव घेतला. तिसरं उदाहरण पोर्ट नंबरच्या जोडीचं: २२:२२ असं लिहिलं की १.१ चे नियम ती साठच्या पटीतली वेळ धरतात आणि १३४२ हा आकडा हातात येतो.

२००९ मध्ये आलेल्या यॅमल १.२ ने यातले बरेच घोळ मिटवले. हो-नाहीसाठी फक्त 'ट्रू' आणि 'फॉल्स' ठेवले, साठीचं गणित काढून टाकलं, अष्टमानासाठी वेगळी खूण दिली. अडचण अशी की पायथॉन आणि रुबीमधल्या प्रचलित लायब्रऱ्या १.१ वरच राहिल्या. नियम बदलले तर जुन्या फाइलींचा अर्थ बदलेल, या भीतीने. त्यामुळे एकच फाइल दोन वेगवेगळ्या भाषांमधल्या प्रोग्रामना दोन वेगवेगळे अर्थ सांगू शकते. एकाच नावाचे दोन फॉरमॅट बाजारात असण्यासारखं हे आहे, आणि यॅमलवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप खरं तर हाच.

जानेवारी २०१३: सेटिंगच्या फॉरमॅटमधून घुसखोरी

यॅमलला आणखी एक ताकद दिलेली होती. फाइलमध्ये विशिष्ट खूण केली तर वाचता वाचताच प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या वस्तू तयार करता येतात. आपली फाइल आपणच लिहीत असू तेव्हा ही सोय ठीक. पण रेल्समध्ये बाहेरून येणाऱ्या विनंतीच्या आतही यॅमलचा तुकडा दडवून पाठवता येत होता आणि फ्रेमवर्क तो इमानेइतबारे वाचत होतं. परिणामी कोणीही अनोळखी माणूस दूर बसून सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता.

८ जानेवारी २०१३ रोजी रेल्सने एकाच दिवशी चार आवृत्त्यांसाठी दुरुस्ती काढली. नेदरलँड्समध्ये सरकारी सेवांसाठी नागरिक वापरतात ती 'डिजिडी' ही ओळख-यंत्रणा या त्रुटीमुळे तात्पुरती बंद ठेवावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस रुबीची पॅकेजेस जिथून डाउनलोड होतात त्या रुबीजेम्स डॉट ऑर्गमध्ये यॅमल वाचण्याच्या याच दुबळेपणातून घुसखोरी झाली आणि तिथल्या प्रत्येक पॅकेजची तपासणी करावी लागली.

रुबीने आपलं यॅमल वाचणं पूर्वनियोजितपणे सुरक्षित केलं ते २०२१ च्या अखेरीस, ३.१ आवृत्तीत. आणि तेव्हाही गंमत झालीच. रेल्सच्या डेटाबेस फाइलमध्ये 'वरचंच सगळं खालीही लागू' असं सांगणारी यॅमलची एक खूण सर्रास वापरलेली असते. नव्या सुरक्षित पद्धतीने तीही नाकारली, आणि रुबी बदलताच अनेकांच्या जुन्या साइट सुरूच होईनात. जावामधल्या स्नेकयॅमल या लायब्ररीचीही अशीच त्रुटी २०२२ मध्ये जाहीर झाली आणि २०२३ च्या २.० आवृत्तीत डीफॉल्ट बदलला गेला.

जेसन का नाही?

जेसनमध्ये यातलं काहीच होत नाही. शब्द असेल तर अवतरणचिन्हं सक्तीची. आकडा म्हणजे आकडा. संपूर्ण व्याकरण एका पानात मावतं आणि प्रत्येक भाषेला ते वाचता येतं. नोडच्या जगात प्रत्येक प्रोजेक्टच्या मुळाशी 'पॅकेज डॉट जेसन' असते ती याच कारणाने.

मात्र जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाहीत. हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम काढलेलं आहे. जेसनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी २०१२ मध्ये सांगितलं की लोक कॉमेंटच्या जागेत वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी सूचना लिहू लागले होते आणि त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता न येण्याचा धोका होता, म्हणून त्यांनी कॉमेंट वगळल्या. डेटा इकडून तिकडे पाठवण्यासाठी हा निर्णय बरोबर होता. सेटिंग फाइलसाठी तो जाचक ठरतो. 'हा आकडा ३० च्या खाली नेऊ नका, बँकेचा सर्व्हर उशिरा उत्तर देतो' ही एक ओळ सेटिंग फाइलमध्ये कधीकधी सेटिंगपेक्षा जास्त मोलाची असते. ती लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर तर नक्कीच.

शिवाय शेवटच्या ओळीनंतर चुकून एक स्वल्पविराम राहिला की अख्खी फाइल नापास. यावर तोडगा म्हणून कॉमेंट चालणारं सैल जेसन निघालं. टाइपस्क्रिप्टची सेटिंग फाइल नावाने जेसन असूनही कॉमेंट चालवून घेते. २०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरने वेब डॉट कॉन्फिग सोडून 'ॲपसेटिंग्ज डॉट जेसन' स्वीकारली आणि तिथेही कॉमेंट चालतात. पण सैल जेसन म्हणजे खरं जेसन नव्हे. दुसऱ्या एखाद्या टूलने ती फाइल वाचायचा प्रयत्न केला की ते अडखळतं. ज्या कारणासाठी जेसन निवडलं, तेच कारण त्यातून निघून जातं.

याच मायक्रोसॉफ्टने त्याच काळात प्रोजेक्टची रचना सांगणारी फाइलही जेसनमध्ये नेली होती. ती मात्र टिकली नाही. आसपासची सगळी जुनी व्यवस्था एक्सएमएल फाइलवर उभी होती, आणि २०१७ मध्ये ते एक्सएमएलकडे परतले, जरा सुटसुटीत करून. फॉरमॅट चांगला की वाईट यापेक्षा त्याच्याभोवती काय उभं आहे, हे असं निर्णायक ठरतं.

सरळ कोडच का लिहू नये?

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याची सेटिंग फाइल तेव्हापासून आजपर्यंत पायथॉनचीच आहे, 'सेटिंग्ज डॉट पीवाय'. स्वतंत्र फॉरमॅटचा प्रश्नच जँगोने बाद केला. ज्याला जँगो येतं त्याला पायथॉन येतंच, मग दुसरी भाषा शिकवायची कशाला?

याचे फायदे रोज जाणवतात. ०२० चं १६ होण्याचा धोका नाही. पायथॉन ३ मध्ये असा आकडा नुसता लिहिला तर फाइल तिथेच अडते आणि ओळ क्रमांकासह एरर मिळते. फोल्डरचा पत्ता हिशेब करून काढता येतो. एडिटर चुका दाखवतो. लाराव्हेलनेही २०११ पासून सेटिंगसाठी पीएचपीच ठेवली आहे आणि नेक्स्ट जेएसची सेटिंग फाइल जावास्क्रिप्टमध्ये असते, २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टमध्येही चालते.

तोटा एवढाच की कोड म्हटलं की त्यात काहीही करता येतं, आणि लोक करतात. 'सर्व्हरचं नाव अमुक असेल तर हे, नाहीतर ते, आणि रविवार असेल तर तिसरंच' असं लिहायला कुणाचाच हात अडत नाही. मग नेमकी कोणती किंमत लागू आहे हे फाइल वाचून कळत नाही, चालवूनच पाहावं लागतं. दुसऱ्या एखाद्या टूलला त्या फाइलमध्ये आपोआप एक ओळ घालायची असेल तर तेही कठीण. यॅमल किंवा जेसनमध्ये ते सहज होतं.

तरीही एकाच टीमचा, एकाच भाषेतला वेब प्रोजेक्ट असेल तर कोडमधली सेटिंग हा सगळ्यात कमी फसवणारा मार्ग आहे. जँगोला वीस वर्षांत तो बदलावा लागला नाही, यात बरंच काही आलं.

सिम्फनीने सगळ्यांना खूश ठेवायचं ठरवलं तेव्हा

फ्रान्समध्ये फाबियाँ पोतांसिए यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सिम्फनीची कथा वेगळी. २०११ मध्ये सिम्फनी २ आलं तेव्हा यॅमल, एक्सएमएल आणि पीएचपी, तिन्ही दारं उघडी ठेवली होती. नवा प्रोजेक्ट यॅमलमध्ये येई. इतरांना वापरायला द्यायच्या पॅकेजसाठी मात्र एक्सएमएलची शिफारस, कारण त्यात तपासणी कडक. वेगाचा प्रश्न नव्हताच. कोणत्याही फॉरमॅटमध्ये लिहा, सिम्फनी त्याचं पीएचपीत रूपांतर करून साठवून ठेवतं, त्यामुळे साइट चालताना फरक पडत नाही.

किंमत दुसरीकडे मोजावी लागली. दस्तऐवजातलं प्रत्येक उदाहरण तीन-तीन वेळा लिहायचं. प्रत्येक नवी सोय तिन्ही ठिकाणी बसवायची आणि तपासायची. शिकणाऱ्याने इंटरनेटवर उत्तर शोधलं तर ते एक्सएमएलमध्ये सापडणार आणि त्याची फाइल यॅमलमध्ये असणार. हळूहळू मत पीएचपीकडे झुकलं. सिम्फनीच्या स्वतःच्या आतल्या फाइल एक्सएमएलमधून पीएचपीत गेल्या, आणि २०२१ च्या ५.३ आवृत्तीत पीएचपीमधून सेटिंग लिहिताना एडिटरने पुढचा पर्याय सुचवावा अशी सोय आली. २०२५ च्या अखेरीस ७.४ आवृत्तीने एक्सएमएलमधली सेटिंग 'आता वापरू नका' या यादीत टाकली आणि ८.० मधून ती काढून टाकली.

पहिल्याच दिवशी एक निवडून बाकीच्यांना नाही म्हणणं कठोर वाटतं. चौदा वर्षांनी नाही म्हणणं त्याहून महाग पडतं.

टॉमल: मधला मार्ग

गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये टॉमल मांडलं. जुन्या इनी फाइलींसारखी चौकोनी कंसातली शीर्षकं, खाली 'नाव बरोबर किंमत', कॉमेंट चालतात, आणि शब्दाला अवतरणचिन्हं सक्तीची. म्हणजे नॉर्वे सुरक्षित. शून्याने सुरू होणारा आकडा टॉमल सरळ नाकारतं, त्यामुळे ०२० लिहिणाऱ्याला लगेच कळतं की तो अवतरणचिन्हांत हवा.

पायथॉनच्या लोकांनी २०१६ मध्ये प्रोजेक्ट बांधणीसाठी एक समान फाइल ठरवली तेव्हा जेसन माणसाला लिहायला अवघड आणि यॅमल गरजेपेक्षा गुंतागुंतीचं म्हणून बाजूला ठेवलं आणि टॉमल घेतलं. तरी टॉमल वाचण्याची सोय खुद्द पायथॉनमध्ये यायला २०२२ ची ३.११ आवृत्ती उजाडली. रस्ट भाषेतलं रॉकेट हे वेब फ्रेमवर्कही टॉमल वापरतं.

टॉमलची मर्यादा खोलीची. एकात एक, त्यात आणखी एक अशी चार-पाच पातळ्यांची रचना आली की शीर्षकं लांबलचक होतात आणि यॅमल बरं वाटू लागतं. क्लाउडफ्लेअरने आपल्या वर्कर्स सेवेसाठी आधी टॉमल ठेवलं होतं, आता नव्या प्रोजेक्टसाठी कॉमेंट चालणारं जेसन सुचवलं जातं.

मराठी मजकूर ठेवायचा असेल तर

साइटचं नाव, स्वागताचा संदेश किंवा जिल्ह्यांची यादी सेटिंग फाइलमध्ये देवनागरीत ठेवायची वेळ अनेकदा येते. जेसन, यॅमल आणि टॉमल यांत हा प्रश्न जवळपास मिटलेला आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवली की झालं. टॉमलमध्ये एवढंच लक्षात ठेवायचं की डावीकडचं नाव देवनागरीत असेल तर तेही अवतरणचिन्हांत लागतं.

जावाच्या प्रॉपर्टीज फाइलींनी मात्र भारतीय भाषांच्या डेव्हलपरना बरीच वर्षं छळलं. त्या फाइल पश्चिम युरोपीय लिपीसाठीच्या जुन्या संकेतात वाचल्या जात. 'नमस्कार' लिहिलं की पानावर विचित्र चिन्हांची रांग. उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराचा सांकेतिक आकडा लिहायचा, आणि ते करून देणारं एक छोटं टूल जावासोबतच मिळायचं. मग फाइल संगणकाला कळायची, पण मराठी येणाऱ्या माणसाला तिच्यात एक शब्द वाचता यायचा नाही. भाषांतराच्या फाइलींसाठी हे २०१७ च्या जावा ९ मध्ये बदललं.

गुप्त गोष्टी कुठे ठेवायच्या?

फॉरमॅटच्या वादात एक गोष्ट मागे पडते. डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट सेवेची चावी यॅमलमध्ये आहे की जेसनमध्ये याला काही अर्थ नाही, ती कोडसोबत गिटमध्ये गेली असेल तर. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या लोकांनी यासाठी एक सोपी कसोटी मांडली: या क्षणी सगळा कोड जगाला खुला केला तर काही गुपित फुटेल का? फुटणार असेल तर ते गुपित कोडमधून काढून सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा.

त्यातूनच 'डॉट एन्व्ही' फाइलचा प्रघात पडला. लाराव्हेलच्या नव्या प्रोजेक्टमध्ये ती सुरुवातीपासूनच दिसते: गुपितं तिच्यात, बाकी रचना पीएचपीत. जँगो नव्या प्रोजेक्टमध्ये जी गुप्त चावी तयार करतं तिच्या सुरुवातीलाच २०२१ च्या ३.२ आवृत्तीपासून 'असुरक्षित' अशा अर्थाची खूण असते, म्हणजे ती तशीच खऱ्या साइटवर नेली तर निदान तपासणीत सापडावी. रेल्सने वेगळी वाट धरली आणि २०१८ पासून गुपितं कुलूपबंद यॅमल फाइलमध्ये ठेवली, चावी बाहेर.

डॉट एन्व्हीचीही एक खोड आहे. तिथली प्रत्येक किंमत फक्त शब्द असते. 'डीबग बरोबर फॉल्स' असं लिहिलं तरी पायथॉनला तो रिकामा नसलेला शब्द दिसतो, आणि रिकामा नसलेला शब्द पायथॉनच्या लेखी 'सत्य'. बंद केलेला डीबग मोड खऱ्या साइटवर सुरू राहतो आणि एररच्या पानावर आतली माहिती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. लाराव्हेल हे शब्द ओळखून बदलून देतं; इतर ठिकाणी ते काम आपल्यालाच करावं लागतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नेहमी घडणारा प्रकार म्हणजे डॉट एन्व्ही फाइल चुकून गिटहबवर चढवणं आणि लक्षात आल्यावर ती नुसती डिलीट करणं. गिट जुना इतिहास जपून ठेवतं, त्यामुळे फाइल दिसेनाशी झाली तरी तिच्यातला पासवर्ड मागच्या नोंदींत तसाच राहतो. अशा वेळी आधी ती चावी संबंधित सेवेत जाऊन रद्द करायची, नवी घ्यायची, आणि मग गिटला ती फाइल यापुढे दुर्लक्षित करायला सांगायचं.